मदत हवी आहे: बँकेचं स्थापनावर्ष कोणतं धरायचं?

जगातल्या जुन्या बँकांचा वर्षवार तक्ता करतोय. केंद्रीय बँका त्यात नाहीत आणि प्रत्येकीला एकच वर्ष देता येईल. इटलीतल्या सिएनाची मोंते देई पास्की ही बँक 1472 सांगते, पण तेव्हा ती गरिबांना तारणावर कर्ज देणारी संस्था होती. कुरणांच्या उत्पन्नाची हमी, आणि त्यावरून पडलेलं नाव, आलं 1624 मध्ये. स्टेट बँकेचं 1806 (बँक ऑफ कलकत्ता), 1921 (इम्पीरियल बँक) की 1955 (स्टेट बँक हे नाव)?

सनदेची तारीख लावून पाहिली. हॅम्बुर्गच्या बेरेनबर्गसारख्या (1590) भागीदारीतल्या पेढ्या तिथेच अडतात, कारण त्यांना सनदच नसते. सर्वांत जुनी विलीन संस्था धरली, तर जेपी मॉर्गन चेस 1799 च्या मॅनहॅटन कंपनीपर्यंत मागे जाते, आणि तिची सनद होती न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठ्यासाठी! बँकांची स्वतःची संकेतस्थळं सोयीचं वर्ष देतात, त्यामुळे ती नकोत.

कायदेशीर वारसा की ठेवी-कर्जाचा अखंड व्यवहार, बँकिंगच्या इतिहासात कोणता निकष ग्राह्य मानतात, आणि तो भागीदारीतल्या पेढ्यांना कसा लावायचा?