‘पेलवेल तेवढंच’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मागचा बाक:
परवा इथे एकाने टाकलं, ‘देव पेलवेल तेवढंच ओझं देतो. संकटात ज्याचा विश्वास डळमळला, त्याचा तो मुळात नव्हताच.’ खाली आमेनची रांग. तेव्हा गप्प बसले, पण दोन रात्री डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेच.

बायबलमध्ये असं वचन मुळात नाहीच. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १०, वचन १३ काढा. सोसवेल त्यापलीकडे देव तुमची परीक्षा होऊ देणार नाही, एवढंच तिथे आहे. मागेपुढे मूर्तिपूजा आणि मोह यांचा विषय चाललाय. ओझ्याबद्दल तोच पौल करिंथच्या त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगायचीही आशा सुटली. शक्तीपलीकडचा! मग पौलाचाही विश्वास मुळात नव्हता का?

आई अकरा महिने अंथरुणावर होती. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ आले, पलंगाच्या पायथ्याशी उभ्याउभ्याच ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो’ म्हणाले, प्रार्थना केली, घड्याळ पाहिलं, गेले. आईने भिंतीकडे तोंड केलं. ती गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. त्यातल्या बहुतेक विलापस्तोत्रांत, म्हणजे दुःखात देवाला मारलेल्या हाकांत, शेवटी कुठेतरी उजेड येतो. ८८वं मात्र काळोखावरच संपतं. तिथे समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: ‘हो’. त्या पानाचा कोपरा बोटं लागून लागून काळा पडलाय.

खडक:
पोस्ट माझीच आहे. ‘एकाने’ कशाला, सरळ बोला.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला. दफनाहून घरी आलो आणि त्याच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या सोडत बसलो. गाठ त्यानेच मारलेली, सुटेना. तेव्हा तोंडात हे एकच वाक्य होतं. त्याने मला उठवलं, दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. पौलाने ते कुठल्या संदर्भात लिहिलं हे मला तेव्हाही विचारायचं नव्हतं, आजही नाही. बायबलमधला ईयोब सगळं गमावल्यावर म्हणालाच ना, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं?

माजी:
ईयोबाचा पहिला अध्याय सगळ्यांना पाठ. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते कोणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. ४२ अध्यायांच्या शेवटी देव भडकतो कोणावर? ईयोबावर नाही, त्याच्या मित्रांवर, जे देवाची वकिली करत होते त्यांच्यावर. त्यांनी केलेली एकच शहाणपणाची गोष्ट म्हणजे पहिले सात दिवस तोंड उघडलं नाही.

मी विश्वास सोडला त्याला नऊ वर्षं झाली. धंदा बुडाला तेव्हा नाही, त्यानंतर. वर्गणी थांबल्याचं विचारायला मंडळीतून दोनदा माणूस आला. घरी चूल पेटते का, हे विचारायला एकदाही नाही.

तळटीप:
सगळा घोळ ‘परीक्षा’ या शब्दाचा आहे. ग्रीक पेइरास्मोस म्हणजे कसोटीही आणि मोहही. त्या वचनात मराठीने ‘परीक्षा’ एवढाच शब्द ठेवला आणि परीक्षा म्हटलं की आपल्याला पेपर, गुण, पास-नापास आठवतं. मग देव वर्गात फिरणारा पर्यवेक्षक होतो. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ‘परीक्षेत आणू नकोस’च म्हणतो. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७मध्ये ती ओळ बदलून ‘मोहात शिरू देऊ नकोस’ अशी केली. आपण कधी?

खडक:
प्रार्थनेला हात लावायचं काम नाही.

दोन नाणी:
+१. माझ्या आजीला शुद्ध हरपली तरी ती प्रार्थना येत होती. शब्द बदलले असते तर तिला काय आठवलं असतं?

तळटीप:
आजीला आठवत होती म्हणून भाषांतर बरोबर ठरत नाही. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबल करत होत्या. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्या मधल्या महिन्यांतही काम सोडलं नाही. शब्दांना काही किंमत नसती तर कोणी असं केलं असतं?

खडक:
म्हणजे माझा मुद्दा. विश्वास ढळला नाही म्हणून काम झालं.

माजी:
त्यांच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला कळवून गेल्या वाटतं?

दोन नाणी:
मदर तेरेसांचं कळलंय की. १९९७ला गेल्या, २००७मध्ये पत्रं छापून आली. जवळजवळ अर्धशतक प्रार्थनेत काळोखच. त्यांच्यावर तुमची ‘मुळात नव्हताच’ची पट्टी लावा बघू, खडक.

माजी:
नाहीतर ती सवय होती असंही म्हणता येईल.

दोन नाणी:
असेल. अशी सवय मला लागली तर मी तक्रार करणार नाही.

तळटीप:
मूळ प्रश्न भाषांतराचा होता.

मागचा बाक:
नव्हता! धागा मी काढलाय.

खडक, तुमच्या बुटांचं वाचून काल उत्तर द्यायला जमलं नाही. ते वाक्य तुम्ही स्वतःशी म्हणालात, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. पण दुसऱ्याच्या पलंगाशी उभं राहून म्हणू नका. आणि ते दुसरं वाक्य, ‘मुळात नव्हताच’, ते तरी काढा.

खडक:
दुसरं वाक्य काढतो. रागात लिहिलं होतं, कोणावर ते इथे सांगणार नाही. पहिलं राहील.

आणि तुमच्या आईने ‘हो’ कशाला म्हटलं होतं? काळोखाला, की प्रार्थनेला?

मागचा बाक:
माहीत नाही. ती गेल्यावरच पान उघडलं.

माजी:
खडक, नाड्यांची गाठ शेवटी सुटली का?

खडक:
नाही. तशीच ठेवली आहे.

तळटीप:
पेइरास्मोसबद्दल अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही.