'खुसखुशीत' म्हणजे नेमकं कसं?

बाळीवेसकर :
आमच्या भागातल्या वाचनालयाने छोट्या विनोदी लेखांची स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षकांत मलाही ओढलंय. बाकी दोघांचे शेरे चाळले, तर जिकडेतिकडे 'खुसखुशीत'. घोरण्यावरचा लेख खुसखुशीत, खड्ड्यांवरचा खुसखुशीत, तेराव्याच्या पंगतीवरचाही खुसखुशीत! मग खुमासदार, चुरचुरीत, नर्मविनोदी हे शब्द कशाला ठेवलेत? यांत खरंच फरक आहे, की सगळे एकाच माळेचे मणी?

कडक भाकरी :
फरकबिरक काही नाही हो. हसू आलं की खुसखुशीत, नाही आलं की 'अंतर्मुख करणारा'.

शंकरपाळी :
फरक आहे, आणि तो पिठातच आहे. शंकरपाळीच्या पिठात कडकडीत मोहन घालतात. तूप कणाकणाला लागलं की पीठ चिवट होत नाही. मग मंद आचेवर तळलं की दाताशी न भांडता मोडतं, ते खुसखुशीत. कुरकुरीतला आवाज लागतो, याला नाही. आणि भाऊ, तुम्ही जिचं नाव लावून बसलाय ती आपल्या सोलापूरची भाकरी महिनाभर टिकेल, प्रवासाला चालेल, पण तिला कडकच म्हणतात. तर लेखातलं वाक्य असं सहज मोडलं पाहिजे, वाचणाऱ्याला चावत बसायला लागू नये. मोहन जास्त झालं तर मात्र शंकरपाळी कढईतच विरघळते. ओळीओळीला कोटी करणाऱ्यांचं तेच होतं.

बाळीवेसकर :
मग हे बघा. लेखकाला विचारूनच इथे देतोय :

"आमच्याकडे नळाला पाणी येणार म्हटल्यावर पहाटे तीन वाजल्यापासून लग्नघरासारखी एकच धावपळ, गडबड, गोंधळ आणि हलकल्लोळ उडतो आणि एवढं करून शेवटी नळातून पाण्याऐवजी नुसती हवाच येते तेव्हा आमची विनोदी स्वभावाची बायको हसत हसत म्हणते की उद्या तर हवाही येणार नाही म्हणून ती तरी भरून ठेवा."

शेरा : खुसखुशीत.

निवृत्त मास्तर :
विनोद अस्सल आहे, पण तो अशा गर्दीत उभा आहे की दिसत नाही. मी असं लिहिलं असतं :

"पहाटे तीनला नळ सोडला. बादल्या रांगेत. नळातून आली हवा. बायको म्हणाली, 'भरून घ्या. उद्या तीही नसेल.'"

'नळातून हवा आली' असं सरळ वाक्य मी केलेलं नाही. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, ती त्याची हक्काची जागा. पण इथे वाचकाला धक्का द्यायचाय तो 'हवा'ने, 'आली'ने नव्हे. म्हणून 'आली'ला पुढे सरकवलं आणि शेवटची खुर्ची 'हवा'ला दिली. आपल्या भाषेत हे चालतं, वाक्य मोडत नाही. विनोदी लिहिणाऱ्याने ही सवलत वापरायची नाही तर कुणी?

दुसरं, 'तीही'. सगळा विनोद त्या 'ही'वर तोललाय. 'उद्या ती नसेल' म्हणा, काहीच उरत नाही. आणि 'बायको म्हणाली' आधी आलं पाहिजे. '…तीही नसेल, असं बायको म्हणाली' केलं, की लोक हसायच्या आत तुम्ही दिवे घालवलेत.

'विनोदी स्वभावाची' आणि 'हसत हसत' तर पहिल्यांदा काढा. बाई हसत नाही म्हणूनच आपण हसतो.

कडक भाकरी :
मास्तर, पण सोलापुरात क्रियापदही शेवटी नसतं. त्याच्यामागे 'बे' असतो. 'काय करलालास बे?' आता शेवटची खुर्ची कुणाला?

निवृत्त मास्तर :
'बे'ला खुर्ची लागत नाही, तो दारात उभा असतो. पण संवादात ठेवा जरूर. नुसतं 'पाणी आलं?' आणि 'पाणी आलं का बे?' यांत दुसरं विचारणारा आपला वाटतो. निवेदनात मात्र टाळा, नाहीतर लेखक ओढूनताणून सोलापुरी झालेला दिसतो.

पूर्व भाग :
कोटीबद्दल एक. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, कट्ट्यावर मराठी. मराठी शब्दावर कोटी केली की कट्ट्यावरची निम्मी मंडळी हसतात आणि उरलेली त्यांच्याकडे बघतात. समजावून सांगेपर्यंत चहा निवतो. पण नळाचा किस्सा मी आईला तेलुगूत सांगितला, ती लगेच हसली. शाळेत शब्दनिष्ठ आणि प्रसंगनिष्ठ विनोद असा भेद शिकवायचे, तो मला पुस्तकात नाही, गल्लीत कळला. माझं मत : दुसऱ्या भाषेत नेऊनही जो विनोद टिकतो त्याला दोन गुण जास्त द्या.

शंकरपाळी :
हे नाही पटलं. मग भाषेची गंमत कुणी करायची? मास्तरांचा तो 'ही' तरी जसाच्या तसा तेलुगूत जातो का?

पूर्व भाग :
जातो ताई. तिथेही शेवटी एक अक्षर लांबवलं की झालं. कोटी नाही जात.

बाळीवेसकर :
बरं, बाकीचे शब्द राहिले. 'नर्मविनोदी' म्हणजे नरम, कुणाला न दुखावणारा, असंच ना?

निवृत्त मास्तर :
नाही. पुष्कळांना तसं वाटतं खरं, पण नरमशी त्याचा संबंध नाही. संस्कृतात 'नर्म' म्हणजेच थट्टा, क्रीडा. राजाचं मन रमवणाऱ्या सोबत्याला नर्मसचिव म्हणत. म्हणजे नर्मविनोद हा मुळात 'थट्टाविनोद' झाला. आता वापरात सौम्य हा अर्थ चिकटलाय, तो काढायला जाऊ नका, निघणार नाही.

'चुरचुरीत' मात्र फार ढिला वापरतात. जखमेला मीठ लागलं की चुरचुरतं. तेव्हा ज्याच्यावर लिहिलंय त्याला थोडं तरी चुरचुरलं पाहिजे. खड्ड्यांवरचा लेख वाचून खड्ड्यांना जबाबदार माणूसही खुशीत हसत असेल, तर तो चुरचुरीत नव्हे. फार लागलं तर झोंबरा, बोचरा.

शंकरपाळी :
आणि खुमासदार?

निवृत्त मास्तर :
त्याला ऐसपैस जागा लागते. द. मा. मिरासदार आपल्याच जिल्ह्यातले, १९२७ साली अकलूजला जन्मले. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर त्यांनी कथाकथन गावोगाव नेलं. त्यांच्या गोष्टीत एखादी साधी थाप पारावर बसते, तिला ऐकणारे भेटतात, प्रत्येक जण आपली भर घालतो, आणि बघता बघता ती गावाएवढी होते. त्यातलं एक वाक्य उचलून दाखवा म्हटलं तर जमणार नाही. रंगत सगळ्या सांगण्यात मुरलेली असते. त्याला खुसखुशीत म्हणणं म्हणजे कमी मापात मोजणं. उलट नळाच्या त्या चार ओळींना खुमासदार म्हटलं तर ते उगाच मोठेपण.

बाळीवेसकर :
ठरलं. गुणपत्रकावर तीन रकाने करतो : खुसखुशीत, चुरचुरीत, खुमासदार. बाकी दोघा परीक्षकांना ही चर्चा छापून देतो.

कडक भाकरी :
शब्दमर्यादा किती ठेवलीय?

बाळीवेसकर :
दीडशे.

कडक भाकरी :
मग तिसरा रकाना कशाला बे?