हवाईतला गेंड्या भुंगा आणि "लोकांनी राबायचं कशाला" म्हणणाऱ्यांना उत्तर

कोनाकरीण
परवा 'साधासरळ' यांनी लिहिलं की हवाईतली माणसं सुट्टीच्या दिवशी कुजक्या पाल्याचे ढीग उपसून माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या शोधतात हा रिकामटेकडा उद्योग आहे, भुंगा बंदरातून आला तर निस्तरायचं सरकारने, आणि तसाही आमच्या कोकणात गेंड्या भुंगा पिढ्यानपिढ्या आहे, माड संपले का? दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये म्हणून वेगळा धागा काढला.

मी हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटावर, बिग आयलंडवर कोनाला राहते, त्याआधी बरीच वर्षं ओआहूवर, म्हणजे होनोलुलू आहे त्या बेटावर होते. तिथे 2013 च्या डिसेंबरात पर्ल हार्बर-हिकमच्या लष्करी तळावर पहिला भुंगा सापळ्यात सापडला. तेव्हा सगळे हेच म्हणायचे, लष्कराच्या हद्दीतलं प्रकरण आहे, ते बघतील. आमच्या बिल्डिंगसमोर माडांची रांग होती. आधी झावळ्यांना कात्रीने कापल्यासारखे व्ही आकाराचे काप दिसायला लागले, मग शेंडा वाकडा झाला, मग नुसते खांब उरले. 2023 मध्ये तो कवाई बेटावर लिहुएजवळ पोचला, त्याच वर्षी माउई बेटावर, आणि ऑक्टोबरात आमच्या बेटावर वायकोलोआला एका कुजलेल्या पामच्या बुंध्यात अळ्या निघाल्या. 2025 मध्ये कोना विमानतळाच्या परिसरात पुन्हा.

हा किडा समुद्र ओलांडून उडत येत नाही हो! कंपोस्टच्या पिशवीतून, मल्चमधून (झाडांच्या बुडाशी पसरायचा पाला-भुसा), कुंडीतल्या मातीतून येतो, म्हणजे तुमच्याआमच्या गाडीच्या डिकीतून. भुंगा माडावर दिसतो पण वाढतो तो ढिगात, आणि ढीग असतो लोकांच्या परसात. कुठलं सरकार प्रत्येकाच्या परसात शिरणार आहे? आम्ही शनिवारी ढीग उपसतो, सापळे बघतो, संशय आला की फोटो काढून कळवतो. याला रिकामटेकडं म्हटलेलं मला लागलं, खरंच लागलं.

साधासरळ
लागलं असेल तर वाईट वाटतं पण मुद्दा मागे घेत नाही. भुंगा 2007 ला पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर आला आणि तिथे लोक, विद्यापीठ, कुत्रे, सापळे सगळं लावलं तरी हटला नाही. म्हणजे एकदा आला की संपलं. मग पैसा आणि माणसं बंदरावर, विमानतळावर लावा ना. लोकांना फावडी देऊन उन्हात उभं केलं की खात्याला हातावर हात ठेवून बसता येतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. आमच्या गावात श्रमदानाने बंधारा बांधला, फोटो छापून आले, आणि त्यानंतर तिकडे एकही इंजिनिअर फिरकला नाही, तीन वर्षांत बंधारा वाहून गेला. तेव्हापासून श्रमदान हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

कीटकवेडा
"कोकणात आहे तरी माड संपले नाहीत" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. तो इथलाच किडा आहे, दक्षिण आशियातला. इथे त्याच्यावर मेटारायझियम बुरशी आहे, विषाणू आहे, आणि माणूसही पिढ्यानपिढ्या तारेचा आकडा घेऊन कोंबातून भुंगा ओढतोय. बेटावर यातलं काहीच नसतं. पॅसिफिकमधल्याच पलाऊला 1942 च्या सुमाराला पोचला आणि जवळपास निम्मे माड गेले. सामोआत 1909 ला सिलोनच्या रबराच्या रोपांबरोबर गेला, तिथे साठच्या दशकात विषाणू सोडला तेव्हा जरा आटोक्यात आला. आपल्या लक्षद्वीपमध्ये मिनिकॉयवर ऐंशीच्या दशकात हेच केलं, आणि उपयोग झाला. पण ग्वामला जी जात आली ती या विषाणूला दाद देत नाही आणि हवाईतही तीच आहे, त्यामुळे तिथे ढीग साफ करणं याला खरोखर पर्याय नाही.

आणि "एकदा आला की संपलं" हेही चूक. टोंगातल्या निउआतोपुतापु बेटावरून हा भुंगा 1922 ते 1930 मध्ये पूर्ण संपवला, औषधं नव्हती तेव्हा, कुजकी खोडं आणि ढीग साफ करून.

साधासरळ
ते बेट केवढं आणि ओआहू केवढं! दहा लाखाच्या आसपास लोकवस्ती, बांधकामं, रोज ट्रक भरून हिरवा कचरा. टोंगाचं उदाहरण तिथे लावायचं म्हणजे काहीतरीच.

कोनाकरीण
ओआहू हातातून गेलंय हे मीही मानते. पण मी ओआहूवर नाही राहत आता. आमच्याकडे अजून मोजके सापडतात, याच टप्प्यावर माणसं लागतात, दहा वर्षांनी नाही. हे तुम्हाला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?

होनोलुलूकर
मी ओआहूवरच आहे आणि मला वेगळीच चीड आहे. आमच्या सोसायटीने आवारातल्या माडांच्या खोडात कीटकनाशकाचं इंजेक्शन दिलं, आम्हाला नोटीस नंतर आली. इंजेक्शन दिलेल्या झाडाचा नारळ खायचा नसतो, फुलोरा आणि फळं आधी उतरवायची असतात. माझी आई इथे आली की त्याच झाडाच्या नारळाच्या वड्या करायची. झाड वाचलं, नारळ गेला. समाज एकत्र आला म्हणायचं तर आधी विचारा तरी.

श्रीवर्धनचा
कोकणात माड संपले नाहीत असं लिहिणाऱ्याने 3 जून 2020 नंतर आमच्याकडे यायला हवं होतं. निसर्ग वादळात आमच्या वाडीतले एकोणीस माड आडवे झाले, पोफळी तर मोजल्याच नाहीत. आमची खोडं आम्ही चार महिन्यांत तोडून हलवली, कर्ज काढून. शेजारची वाडी मुंबईच्या मालकाची, सातबाऱ्यावर अकरा नावं, एकाचा एकाशी पत्ता नाही. त्यांची खोडं तिथेच कुजली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी एक खोड फोडून बघितलं, आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, टोपलीभर. आणि माझी नवीन लावलेली रोपं, तीन वर्षांची, कोंबातून भोक पाडून मारली, सात रोपं. फोन केला तर म्हणतात आमच्या हद्दीत पाय ठेवू नका. भुंग्याला हद्द कळते का?

कीटकवेडा
ग्वामला हेच झालं. 2015 ला डॉल्फिन वादळात झाडं पडली, आणि त्या पडलेल्या झाडांत भुंग्यांची पैदास अशी झाली की उभी झाडंही गेली.

वाडीवाली
श्रीवर्धनचा, शेजाऱ्याचं सोडा, स्वतःच्या माडावर चढायला माणूस कुठे आहे? आमच्या मालवणात पाडेली मिळत नाहीत. जो यायचा त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात लागला आणि त्याचं बरोबरच आहे, चाळीस फुटांवरून पडला तर कोण बघणार होतं त्याच्या घरच्यांकडे. पूर्वी नारळ उतरवायला चढला की कोंब बघायचा, भुंगा दिसला तर आकड्याने ओढायचा, वाळूत निंबोळी पेंड मिसळून बेचक्यात भरायचा, वेगळे पैसे नव्हते. आता नारळ आपोआप पडतील तेव्हा वेचायचे. रोग वर आहे आणि वर बघणारं कोणी नाही.

श्रीवर्धनचा
यंत्राने चढतात आता, शिकवतात पण.

वाडीवाली
मी शिकले आहे यंत्राने चढायला, म्हणून बोलतेय. वाकड्या माडावर ते चालत नाही आणि माझे निम्मे माड वाकडे आहेत. शिकवणारे सरळ माडावर दाखवतात आणि निघून जातात.

साधासरळ
बघा, हेच मी म्हणतोय. प्रत्येकाच्या गोष्टीत शेवटी एकटा माणूस राबतोय आणि ज्याची जबाबदारी तो गायब.

श्रीवर्धनचा
तुमचीही वाडी आहे ना गुहागरला? तुम्ही पुण्यात असता. वादळातली खोडं उचललीत का तुम्ही?

साधासरळ
वैयक्तिक होऊ नका. काही उचलली. दोन-तीन विहिरीकडे आहेत अजून.

कोनाकरीण
आमच्याकडेही हीच रड आहे. वर्षातून तीन आठवडे येणाऱ्यांची घरं, माळी झावळ्या कुंपणाच्या कोपऱ्यात रचतो, मालक कॅलिफोर्नियात. आम्ही चिठ्ठ्या टाकतो, फोन करतो, आणि जो हो म्हणेल त्याच्याकडे स्वतः जाऊन ढीग पसरून वाळवतो. दहातले चार हो म्हणतात. पहिल्या वर्षी एकच म्हणाला होता.

साधासरळ
ढिगाचं पटलं, ठीक आहे. विहिरीकडची खोडं गणपतीला जाईन तेव्हा बघतो. बंदराचं मात्र मी सोडणार नाही, बेटाबेटांत जाणारी कुंडी आणि पिशवी तपासणं हे खात्याचंच काम, आणि त्यासाठी तुम्ही लोकांनी फावडं ठेवून एक दिवस त्यांच्या दारात बसायला हवं.

कोनाकरीण
बसलोय. मल्च आणि कंपोस्टवरच्या निर्बंधांच्या सुनावणीला मी दोनदा बोलले आहे, तीन-तीन मिनिटं. दोन्ही कामं तीच माणसं करतात, हे तुम्हाला लांबून दिसत नाही.

श्रीवर्धनचा
ताई, ढीग लगेच हलवता येत नसेल तर काय करता? शेजारच्या हद्दीत मला जाता येत नाही, पण माझा शेणखताचा खड्डा तरी वाचवता येईल.

कोनाकरीण
वरून मासेमारीचं जाळं घालायचं, बारीक दोऱ्याचं, ढिलं, दोन पदरी. ग्वामच्या लोकांनी काढलेली युक्ती आहे. आत जाणारा भुंगाही अडकतो आणि बाहेर येणाराही, पायांना आकडे असतात ना त्याच्या. कडा मातीत दाबून टाका आणि आठवड्याने बघा, सरडे-बेडूक अडकले तर सोडवा.

श्रीवर्धनचा
जीवनाबंदरावर फाटकी जाळी पडलेली असतात. उद्या सकाळी जाऊन विचारतो.