माशांच्या सहा टाक्या, आठ बरण्या आणि निफाडची थंडी: कमी खर्चात पाणी गरम कसं ठेवावं?

काचघर_निफाड
लोखंडी स्लॉटेड अँगलच्या रॅकवर दोन फुटी (२×१×१ फूट) पाच टाक्या आहेत: तीन गप्पी-मोलीच्या, एक एंजलची, एक गोल्डफिशची. सहावी एक फुटी टाकी पिल्लांची. शिवाय फायटर माशांच्या आठ बरण्या. थंडीत खोली पहाटे १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि जानेवारीत दर वेळी गप्पींवर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) येतात. सगळं मिळून ४,००० रुपयांत बसवायचं आहे. खाली संप (सगळ्यांचं पाणी फिरवणारी एकच टाकी) करून सगळ्या टाक्या एका २०० वॉटच्या हीटरवर जोडता येतील का? की प्रत्येकीत वेगळा हीटर बरा?

पाणीमाप
हीटरचं नंतर बघू, आधी थर्माकोल आणा. चारही बाजू, वरचं तोंड आणि बूड धरलं तर दोन फुटी टाकीचा बाहेरचा पृष्ठभाग ०.९ चौरस मीटर होतो. झाकण असलं तरी खोली आणि पाणी यांत १ अंशाचा फरक असेल, तर साधारण ४.५ वॉट उष्णता बाहेर जाते. पाणी २४ आणि खोली १५ ठेवायची म्हणजे सतत ४० वॉट. मागची काच, दोन्ही बाजू आणि बूड यांना २५ मिमी जाडीचा थर्माकोल लावला की हाच आकडा २० च्या आसपास येतो. समोरची काच मोकळी राहू द्या, रात्री तिच्यावर बबल रॅप टांगा.

झाकण मात्र हवंच. उघड्या पाण्यावरून वाफ होते आणि ती काचेपेक्षा जास्त उष्णता नेते. ४ मिमी काच कापून घ्या, कोपऱ्यात हवेच्या नळीपुरती फट ठेवा.

थर्माकोल चिकटवायला सिलिकॉन किंवा दुहेरी टेप चालेल. सॉल्व्हंटवाला गोंद नको, त्यानं थर्माकोल विरघळतो. बुडाखालच्या थरासाठी टाकी रिकामी करावीच लागेल; भरलेली टाकी उचलली की काचेचे सांधे सुटतात.

गोल्डफिशला हीटर नकोच, १५ अंश त्यांना चालतात. ती टाकी सर्वांत खालच्या फळीवर आणि एंजल सर्वांत वर. बंद खोलीत वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते, ही उष्णता फुकट मिळते.

खालचा_संप
संपची कल्पना या बजेटात सोडून द्या. पाच टाक्यांना भोकं पाडायची, टँक निपल, पाइप, पंप. पैसे तिथंच संपतील. त्यातून एका टाकीत पांढरे ठिपके आले की सगळ्या रॅकवर पसरतात. तुमच्याकडे तर ते दर जानेवारीला येतात. गोल्डफिश त्याच पाण्यात आले की त्यांनाही २४-२५ अंश सोसावे लागतील.

पाणी सांडण्याचाही हिशेब आहे. लाइट गेल्यावर प्रत्येक दोन फुटी टाकीतून २ सेंमी पाणी खाली आलं तर ३.६ लिटर, पाच टाक्यांचे १८. तेवढी जागा संपात कायम रिकामी ठेवावी लागते. लोडशेडिंगच्या गावात हे विसरलं की फरशी ओली झालीच.

बरण्यांना मात्र एकच हीटर पुरतो. प्लास्टिकचा पसरट टब घ्या, त्यात बरण्या ठेवा आणि बरण्यांच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत टबात पाणी भरा. ५० वॉटचा हीटर आडवा टाका आणि एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. पाणी हललं नाही तर हीटरजवळची बरणी तापते आणि लांबची गार राहते. बरणीतलं पाणी टबापेक्षा अर्धा-एक अंश कमी असतं, म्हणून टब २७ ला लावा. बरण्यांवर झाकण हवं, कारण फायटर वर येऊन हवा घेतो आणि गार हवा त्याला बाधते. टबाच्या पाण्याची पातळी खुणेनं आखून ठेवा. पाणी आटून हीटर उघडा पडला की काच तडकते.

काचघर_निफाड
थर्माकोल उद्याच आणतो. पण २०० वॉटचे दोन हीटर घरात पडून आहेत, ते एकेका टाकीत वापरले तर? आणि बाजारात तो एसटीसी-१००० तापमान कंट्रोलर मिळतो, तो घ्यावा का?

फेज_न्यूट्रल
२०० वॉटचे हीटर दोन फुटी टाकीत अजिबात टाकू नका. स्वस्त हीटरमधल्या थर्मोस्टॅटचे पॉइंट कधीतरी चिकटतात आणि तो बंदच होत नाही. थर्माकोल लावलेल्या ४८ लिटर पाण्यात रात्री सहा तास असं झालं तर ५० वॉटचा हीटर पाणी २४ वरून २७ पर्यंत नेतो. २०० वॉटचा चाळिशीपर्यंत, सकाळी टाकीत एकही मासा जिवंत नसेल. म्हणून दोन फुटी टाकीला ५० वॉट, एक फुटीला २५.

कंट्रोलर घ्या, पण २२० व्होल्टचा, आणि जोडणी समजून घ्या. १-२ वर सप्लाय, ३-४ वर सेन्सर, ५-६ हीटिंगसाठी. ५-६ मधून वीज आपोआप येत नाही, तो नुसता स्विच आहे; फेज ५ वर आणून ६ वरून हीटरच्या बोर्डाला न्यायची. रिले १० अँपिअरचा आहे, तुमचे सगळे हीटर मिळून २ अँपिअरही होत नाहीत. एफ-१ (हवं ते तापमान) मध्ये २५, एफ-२ (किती अंश उतरल्यावर हीटर पुन्हा चालू व्हावा) मध्ये ०.५ ठेवा. फक्त दोन फुटी टाक्या त्याच्यावर घ्या, टब आणि पिल्लांची टाकी स्वतःच्या थर्मोस्टॅटवर राहू द्या.

एक धोका आहे. सेन्सर एकाच टाकीत असतो. तो निसटून बाहेर लोंबकळला तर कंट्रोलर खोलीची हवा मोजतो आणि सगळे हीटर चालूच ठेवतो. म्हणून सक्शन कपच्या भरवशावर न राहता तो काचेला क्लिपनं अडकवा आणि प्रत्येक हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ ला ठेवा. एक यंत्रणा फसली तर दुसरी बंद करते.

बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा वर असला तरी प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे ओघळ झोक्याच्या तळाशी गळून पडतो. अर्थिंग तपासा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच) बसवा. हा खर्च कापू नका, हवं तर कंट्रोलर पुढच्या महिन्यात घ्या. टाकीत हात घालण्याआधी मेन बंद. पाणी काढायच्या पंधरा मिनिटं आधी हीटर बंद, नाहीतर गरम काच हवेत उघडी पडून फुटते.

पाणीमाप
ठिपक्यांबद्दल राहिलं. नुसत्या थंडीपेक्षा एकदम होणारा उतार जास्त बाधतो आणि तो बहुतेक वेळा पाणी बदलताना होतो. ४८ लिटरमध्ये १५ अंशांचं १० लिटर पाणी ओतलं की टाकी दोन अंशांनी उतरते. ८ लिटर नळाच्या पाण्यात ६० अंशांचं २ लिटर मिसळा, बरोबर २४ होतं. थर्मामीटर बादलीत धरूनच ओता.

खालचा_संप
लाइट गेल्यावर हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नका, बॅटरी लवकर उतरेल. फक्त एअर पंप घ्या. तीन तासांत थर्माकोलवाली टाकी जेमतेम सव्वा अंश उतरते, उघडी दोन. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला.

काचघर_निफाड
बिल किती वाढेल, अंदाज आहे का?

पाणीमाप
चार दोन फुटी टाक्या, रात्रीचे बारा तास सरासरी २० वॉट धरले तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. टब आणि पिल्लांची टाकी धरून चाळीस-पंचेचाळीस. थर्माकोलशिवाय जवळपास दुप्पट. महिन्याचा वापर शंभर युनिटच्या काठावर असेल तर वरच्या युनिटना पुढच्या स्लॅबचा दर लागेल, तेवढं बिलावर पाहून घ्या.