आफ्रिकेतील खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहताना : अनुभव

आफ्रिकेतील खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहून आलेल्यांनी आपल्या दिनक्रमाविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. सेवाभावाचे वर्णन थोडे कमी झाले तरी चालेल. पाणी, जेवण, कामाची पद्धत आणि गावाला झालेला प्रत्यक्ष उपयोग यांचा तपशील मात्र यावा.

उत्तर युगांडा, लिरा जिल्हा

हातपंपांची देखभाल करणाऱ्या एका स्थानिक गटाबरोबर मी काम करत होतो. उजाडण्यापूर्वीच पंपावर वीस लिटरच्या पिवळ्या जेरिकॅनची रांग लागलेली असे. बायका व मुले कॅन रांगेत ठेवून दुसऱ्या कामाला जात आणि तो क्रम सहसा कोणी मोडत नसे. पंप मला ओळखीचा वाटला, आणि त्याला कारण होते : युगांडात रूढ असलेला ‘यू-टू’ हा ‘इंडिया मार्क टू’चाच अवतार आहे, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने विकसित झालेल्या त्या पंपाची मुळे सोलापुरात बनलेल्या हातपंपापर्यंत जातात. तेथे अडचण मात्र वेगळी होती. भूजल आम्लधर्मी असेल तेथे आतले जस्तलेपित पाइप गंजतात, पाणी लालसर येते, कपड्यांवर डाग पडतात, चहा काळपट होतो, आणि मग पंप चालू असूनही बायका पुन्हा उघड्या झऱ्याकडे वळतात. पाइप वर काढून बदलण्याचे काम गावातला मेकॅनिक माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करत असे. खरे घोडे अडे ते वर्गणीपाशी. पाणी समितीची खजिनदार असलेली बाई घरोघर फिरून पैसे जमवी, आणि तिच्या वहीतला हिशेब बैठकीपूर्वी तिच्याबरोबर बसून नीट लावणे हेच माझे सर्वांत उपयोगी काम ठरले असे मला वाटते.

टांझानिया, इरिंगा भाग

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. तेथील सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिलीतून होते आणि माध्यमिक वर्गात एकदम इंग्रजी येते, त्यामुळे पुष्कळ मुले गणितात नव्हे, तर प्रश्न वाचतानाच अडकत. मराठी माध्यमातून पुढे गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. घड्याळाची सवय व्हायला वेळ लागला, कारण स्वाहिली पद्धतीत तास सूर्योदयापासून मोजतात आणि सकाळचे सात म्हणजे एक. शाकाहारी असूनही जेवणाचे हाल झाले नाहीत : मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, घेवडा आणि माठाच्या जातीची म्चिचा ही पालेभाजी रोज मिळे. इरिंगा उंचावर असल्याने जून-जुलैत चांगली थंडी पडते. स्वेटर अवश्य न्यावा.

मलावी, मध्य भाग

मी परिचारिका आहे. वर युगांडाच्या लेखकाने पाण्याविषयी लिहिले. मला पावसाळ्याविषयी लिहावेसे वाटते. पाऊस साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो आणि नवा मका हाती येण्यापूर्वी, जानेवारी ते मार्च, घरातल्या कणग्या रिकाम्या होतात. शेतात कष्ट सर्वांत जास्त, पोटात अन्न सर्वांत कमी आणि मलेरियाही त्याच वेळी जोरात. बाळाला पाठीशी बांधून, हातात आरोग्याची पुस्तिका घेऊन आया लांबून चालत येत. तपासणी, औषध आणि नोंद यांत दुपार टळे. अशा दिवसांतही कोणाच्या घरी गेले की पाहुणी म्हणून न्सिमा (मक्याच्या पिठाची, उगालीसारखीच) पुढे येई, आणि नाही म्हणणे अपमानाचे ठरत असल्याने मी थोडेच वाढून घेत असे.

पश्चिम केनिया

माझा मुक्काम अल्पकाळाचा होता. फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा तेथे २००७ पासून असल्याने गावातल्या दुकानातूनही व्यवहार होत आणि रोख रक्कम बाळगण्याची फारशी गरज पडली नाही. एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या गटाला शाळेच्या भिंती रंगवायला दिल्या होत्या, आणि गावातले रंगारी व गवंडी काम नसल्याने बाजूला बसून ते पाहत होते. जाण्यापूर्वी संस्थेला विचारावे, की हे काम गावातील कोणी करू शकते का, आणि करू शकत असेल तर त्याला मजुरी देऊन का करवून घेत नाही.