मदत हवी आहे: कोडाय यांचा व्हायोलिन-चेलो ड्युओ

मंडळी, हंगेरियन संगीतकार झोल्तान कोडाय यांचा व्हायोलिन आणि चेलोसाठीचा ड्युओ (दोन वाद्यांची रचना), ओपस ७ (१९१४), कुणी वाजवला आहे का? मी आणि माझी चेलोवादक मैत्रीण सध्या तोच बसवतोय. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला व्हायोलिन एकटंच बोलतं, तिथे मी अडलेय. मात्रा काटेकोर मोजल्या की सगळं निर्जीव वाटतं, सैल सोडल्या की लय हरवते. कोडाय आणि त्यांचे संगीतकार मित्र बार्टोक फोनोग्राफ (जुनं ध्वनिमुद्रण यंत्र) घेऊन खेडोपाडी फिरले, शेतकऱ्यांची मुक्त लयीतली गाणी त्यांनी टिपली. तोच बाज इथे आहे असं मला ठाम वाटतं. मग आधी ती गाणी गळ्यात बसवावीत का? हंगेरियनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो, तो बोमधून (व्हायोलिनच्या गजातून) कसा काढायचा? पुढच्या प्रेस्टोत (अतिद्रुत भागात) दोघींचा तोल कसा राखायचा, हेही कृपया सांगा.