सांगतो भरभर, लिहीत मात्र नाही: घरी शिकणाऱ्या मुलांच्या लेखनासाठी काय निवडलंत?

मुलगा नऊ वर्षांचा, घरीच शिकतो. डायनासोरवर बोलायला लागला की पाहुणे घड्याळ बघायला लागतात. पेन्सिल हातात दिली की दुसऱ्या ओळीला हात दुखतो, तिसऱ्या ओळीला तहान लागते. आता मराठी आणि इंग्रजी लेखनासाठी काहीतरी धड निवडायचंय. वर्कबुकांचा ढीग आहे, ऑनलाइन क्लासच्या जाहिराती त्याहून जास्त. सल्ल्यांपेक्षा अनुभव हवेत: तुमचं मूल नेमकं कुठे अडत होतं, तुम्ही काय घेतलंत आणि त्यातलं काय टिकलं? ("शाळेत घाला" म्हणणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.)

पुणे, दोन मुलींची आई

धाकटीचं अगदी असंच होतं. आम्ही शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत धरली. तिच्यात साधारण दहा वर्षांपर्यंत मुलाकडून स्वतःच्या मनाचं लेखन मागतच नाहीत. गोष्ट एकदाच वाचायची, मुलाने ती आपल्या शब्दांत तोंडी सांगायची. लिहायचं ते फक्त बघून, तेही थोडंच. पुढे श्रुतलेखन येतं, पण उतारा आधी मुलाच्या हातात देतात. अवघड शब्द त्याने न्याहाळायचे, डोळे मिटून आठवायचे, मग आपण सांगायचं. आपल्या लहानपणी अचानक 'वह्या काढा' व्हायचं आणि लाल रेघा मिळायच्या, त्याच्या अगदी उलट.

आमच्याकडे लेक सांगते, मी शब्दन् शब्द टिपून घेते, अगदी 'आणि मग ना' सकट. त्यातलं तिला आवडलेलं एक वाक्य ती सुंदर अक्षरात उतरवते. एकच. एकदा तिने निवडलं होतं, 'कोल्हा म्हणाला मला द्राक्षं नकोतच मुळी, मला ॲसिडिटी होते.' हे वाक्य लिहिताना हात दुखला नाही!

वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक वापरतो. १९७१ पासूनचं आहे, जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, लहानांना ते सोयीचं पडतं. विकतचं वर्कबुक आमच्याकडे रद्दीत गेलं.

ठाणे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

पालक म्हणून नाही, रोज अशी मुलं बघते म्हणून लिहिते. काहीही विकत घेण्याआधी घरी एवढं करून बघा. एकाच विषयावर मुलाला आधी बोलू द्या, मग तेवढ्याच लांबीचा छापील मजकूर बघून लिहू द्या, मग तुम्ही सांगा आणि त्याने लिहू दे. बोलणं छान पण बघून लिहितानाही दमछाक, तर अडचण हातात किंवा बसण्यात असण्याची शक्यता जास्त. बघून नीट लिहितो पण ऐकून लिहिताना कोलमडतो, तर आवाज आणि अक्षराची सांगड कच्ची. बोलतानाच वाक्य सुटं, अर्धवट, तर लेखनाचा कुठलाही कोर्स घेऊ नका, आधी खूप गप्पा आणि खूप वाचून दाखवणं. हे निदान नव्हे, कुठे बघायचं एवढंच यातून कळतं.

खुर्चीत पाय जमिनीला टेकतात का तेही बघा. निम्मी मुलं लोंबत्या पायांनी लिहीत असतात आणि आई-बाप पेन्सिलची ग्रिप शोधत फिरतात. देवनागरीत हात बराच वळवावा लागतो. वेलांटी वर, उकार खाली, मग शिरोरेघ, शिवाय जोडाक्षरं. सराव अक्षराच्या वळणाप्रमाणे घ्या, वर्णमालेच्या क्रमाने नको. आपली जुनी 'ग म भ न' ची रीत त्या बाबतीत शहाणी होती. डिसग्राफियाची, म्हणजे लेखनापुरत्या अध्ययन अक्षमतेची, शंका असेल तर तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या, विशिष्ट अध्ययन अक्षमता आता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे.

नागपूर, बाबा

आमच्या पोट्ट्याला वहीचीच ॲलर्जी. ताटात रांगोळी पसरून बोटाने अक्षरं काढली, गच्चीवर खडूने वितभर मोठी जोडाक्षरं लिहिली. 'क्ष' गच्चीवर जमला, मग वहीत आला. खर्च वीस रुपये. आईची रांगोळी संपली त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.

टेक्सास

इथे घरी शिकवायला नोंदणी लागत नाही. लेखी अभ्यासक्रम असावा आणि त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित, नागरिकत्व हवं, एवढंच. त्यामुळे निवडीला अंत नाही. नव्यांसाठी सूचना: इथल्या होमस्कूल साहित्यात बरंचसं ख्रिस्ती धर्मावर आधारलेलं असतं, अगदी व्याकरणाच्या उदाहरणांत बायबलचे उतारे. चालत असेल तर प्रश्न नाही, पण नमुना पानं बघूनच पैसे भरा.

लेक स्पेलिंगला अडायची आणि म्हणून लिहायचीच नाही. आम्ही स्पेलिंग आणि लेखन वेगवेगळं केलं. स्पेलिंगसाठी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीचे धडे: ध्वनी ऐक, बोल, हाताने लिही, सगळं एकदम, रोज थोडं. लेखनाच्या तासाला स्पेलिंग तपासायचं नाही. तिथे एक युक्ती फार चालली. छोटा उतारा घ्यायचा, प्रत्येक वाक्यातले फार तर तीन शब्द टिपायचे, पुस्तक मिटायचं आणि त्या शब्दांवरून परत सांगायचं. 'काय लिहू?' हा प्रश्नच उरत नाही. रविवारच्या मराठी शाळेसाठीही तेच केलं: 'कावळा, तहान, रांजण. पाणी, तळाशी. खडे, एकेक, वर.' एवढ्यावरून तिने अख्खी गोष्ट लिहिली, 'रांजण'ला मात्र 'रंजन' केलं. आजीने फोनवर दुरुस्त केलं.

निवृत्त शिक्षिका, सातारा

वरचं सगळं वाचलं. लाड जरा जास्त वाटतात, पण असो. नातू माझ्याकडे शिकतो. शुद्धलेखन सोडायचं नाही, फक्त चुका त्याच्याच लेखनातून घ्यायच्या, आठवड्याला एका जातीच्या. तो 'फुल' आणि 'मुल' लिहायचा. मी त्याच्याकडून यादी करून घेतली: फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, वीट पण विटा, बहीण पण बहिणीने. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "आजी, मागे काही लागलं की ते ऱ्हस्व होतं." झालं. नियम त्याचा त्याने काढला. संस्कृतातून आलेले 'गुण', 'विष' वगैरे नंतर बघू.

घरी शिकून मोठा झालेला, मुंबई

मला डिसग्राफिया आहे. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून केली. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. मी मराठी घेतली. पाच वर्षांत मिळून नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक विषय सुटा देता आला. अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर लेखनिक आणि जादा वेळ मिळतो.

एक कुणी सांगत नाही ते सांगतो: लेखनिकाला सांगून लिहवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. पूर्ण वाक्य डोक्यात जुळवून बोलायचं, 'पूर्णविराम, नवा परिच्छेद' म्हणायचं, त्याचा हात चालेपर्यंत गप्प बसायचं. मी फोनवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर सराव केला. ते कधीकधी भलतंच लिहितं, मग ते दुरुस्त करण्यात संपादनही शिकलो. आजही पेनाने मी फक्त सही करतो, नोकरी मात्र मजकूर लिहिण्याची आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ठाण्याच्या ताईंनी सांगितलेलं काल करून पाहिलं. बोलणं झकास, ऐकून लिहिताना चुका कमी, पण बघून लिहितानाही तेवढंच रडगाणं. आणि हो, पाय लोंबतच होते. म्हणजे वर्कबुक सध्या नको. हाताचं तज्ज्ञांना दाखवते, तोवर तो सांगेल आणि मी टिपून घेईन. लिहायला उतरतं डेस्क कुणी घरी केलंय का? बाहेर फार महाग सांगतात.

ठाणे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट

जाड बॉक्स फाइल आडवी ठेवा, उंच बाजू त्याच्यापासून लांब. खाली जुना रबरी मॅट घाला म्हणजे सरकणार नाही. आणि पायाखाली पाट.